जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचा योग्य सुटा भाग कसा शोधावा?

ट्रॅक्टर जुना झाला म्हणजे तो निकामी झाला असे नव्हे. तेल वेळच्या वेळी बदलले, हवेची गाळणी स्वच्छ ठेवली आणि झिजलेला भाग वेळीच बदलला, तर तीस-चाळीस वर्षे चाललेले इंजिनही नांगरणी, पेरणी व मळणीच्या कामी उपयोगी पडते. अल्पभूधारक शेतकऱ्यास नवा ट्रॅक्टर घेणे बहुधा परवडत नाही. वापरलेला ट्रॅक्टर मात्र त्याच्या आवाक्यात येतो. अशा ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा प्रसंग आला म्हणजे कारागीर मिळतो आणि पैशाचीही काही तजवीज होते. खरी अडचण पुढे येते ती नेमका भाग ओळखण्याची.

ही अडचण किरकोळ नाही. पहिला पाऊस पडून जमिनीस वाफसा आला की पेरणीस मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत चुकीचा पिस्टन घेऊन शहराहून परतलेल्या शेतकऱ्याची एक फेरी तर फुकट जातेच, पण त्याबरोबर वाफशाचे दिवसही जातात. याहून मोठे नुकसान होते ते चुकीचा भाग कसाबसा बसवला म्हणजे. अयोग्य मापाचे बेअरिंग क्रँकशाफ्ट खराब करते, आखूड वा उंच पिस्टन इंजिनाचे काम बिघडवतो, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या बोल्टामुळे सबंध ब्लॉक फुटू शकतो. म्हणून सुटा भाग कसा शोधावा, याची पद्धत शेतकऱ्यांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

या पद्धतीचे मूळ तत्त्व एकच आहे. भाग शोधावयाचा तो ट्रॅक्टरच्या नावावरून नव्हे व नुसत्या रूपावरूनही नव्हे, तर इंजिनावरील क्रमांक आणि इंजिनाचे प्रत्यक्ष माप यांवरून.

नाव एक, इंजिने अनेक

दुकानात जाऊन “अमुक ट्रॅक्टरचा पिस्टन द्या” एवढेच सांगण्याची प्रथा सर्वत्र आढळते. एकाच नावाच्या ट्रॅक्टरला निरनिराळ्या काळी निरनिराळी इंजिने बसवलेली असतात, हे अशा वेळी लक्षात घेतले जात नाही.

मॅसी फर्ग्युसन ३५ या ट्रॅक्टरचे उदाहरण घ्यावे. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या या ट्रॅक्टरच्या आरंभीच्या डिझेल नमुन्यात स्टँडर्ड कंपनीचे २३ सी हे चार सिलिंडरांचे इंजिन असे. १९५९ च्या अखेरीपासून त्या जागी पर्किन्स कंपनीचे तीन सिलिंडरांचे इंजिन आले. पहिल्याच्या सिलिंडरचा व्यास ८४.१४ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा ९१.४४ मिलिमीटर. ट्रॅक्टरचे नाव तेच राहिले, परंतु पिस्टन, रिंगा, गॅस्केट व बेअरिंगे यांपैकी एकही भाग एकाचा दुसऱ्यास चालत नाही.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे दुसरे उदाहरण बी–२७५ या ट्रॅक्टरचे होय. हा ट्रॅक्टर प्रथम इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे तयार होत असे. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली, आणि पुढे मुंबईत कांदिवली येथे या ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू झाले. त्याच्या इंजिनाचे नाव बीडी–१४४. यातील १४४ हा आकडा इंजिनाचे घनमान घनइंचात दाखवतो. याच घराण्यातील बी–४१४ या ट्रॅक्टरला बीडी–१५४ हे इंजिन होते. दोन्ही इंजिने चार सिलिंडरांची असून दोन्हींमध्ये पिस्टनचा फेरा ४ इंचांचा आहे. परंतु बीडी–१४४ चा व्यास ३ ३/८ इंच, तर बीडी–१५४ चा ३ १/२ इंच आहे. बाहेरून पाहणाऱ्यास ही इंजिने सारखी वाटावीत इतके त्यांचे साम्य आहे. फरक आहे तो व्यासातील अष्टमांश इंचाचा, म्हणजे एका सुताचा. पिस्टनच्या बाबतीत एका सुताचा फरक म्हणजे तो मुळीच न बसण्याइतका मोठा फरक होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महिंद्राच्या पुढील काळातील २७५ डीआय या ट्रॅक्टरला तीन सिलिंडरांचे इंजिन आहे. तेव्हा केवळ “दोनशे पंचाहत्तर” असे सांगून आणलेला भाग चार सिलिंडरांच्या जुन्या इंजिनास लागू पडेलच असे नाही.

क्रमांक कोठे पाहावेत?

भाग शोधण्यास निघण्यापूर्वी दोन क्रमांक स्वतः पाहून लिहून घ्यावेत. पहिला क्रमांक ट्रॅक्टरचा म्हणजे चॅसिसचा होय. तो सामान्यतः पत्र्याच्या पट्टीवर असतो. दुसरा क्रमांक इंजिनाचा. तो ब्लॉकवरील एका सपाट केलेल्या जागेवर ठोकलेला असतो किंवा ब्लॉकवर लावलेल्या पट्टीवर असतो. या जागेवर वर्षानुवर्षांचे तेल, धूळ व रंग यांचे थर बसलेले असतात. ते कानशीने खरवडू नयेत, कारण अक्षरे नाहीशी होतात. रॉकेल वा डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने व तारेच्या मऊ ब्रशाने जागा स्वच्छ करावी आणि अक्षरे उमटत नसल्यास त्यांवर खडू घासावा. खोलगट अक्षरांत खडू भरून ती वाचता येतात. आकड्यांच्या आधी किंवा नंतर अक्षरे असतील तर तीही जशीच्या तशी उतरून घ्यावीत. पुष्कळदा इंजिनाचा प्रकार त्या अक्षरांवरूनच कळतो. हातात मोबाइल असल्यास या जागेचे छायाचित्र काढून ठेवावे.

त्यानंतर हे क्रमांक नोंदणी पुस्तकातील क्रमांकांशी ताडून पाहावेत. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन कधी काळी बदललेले असणे मुळीच नवल नाही. दोन क्रमांक जुळत नसतील तर सुट्या भागांसाठी बसवलेल्या इंजिनावरील क्रमांकच प्रमाण मानावा, कारण भाग कागदास बसवावयाचा नसून इंजिनास बसवावयाचा असतो. अशा बदलाची नोंद मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये परिवहन कार्यालयात होणे आवश्यक असल्याने तीही करून घ्यावी.

तीन क्रमांकांतील भेद

इंजिनावर व भागांवर अनेक आकडे दिसतात. त्यांतील भेद न कळल्यामुळे पुष्कळ घोटाळे होतात.

पहिला, अनुक्रमांक. हा त्या एकाच इंजिनाचा क्रमांक असून तो कोणत्या मालिकेतील व कोणत्या टप्प्यावर तयार झाले हे दाखवतो.

दुसरा, ओतीव क्रमांक. ब्लॉक, हेड इत्यादी ओतताना साच्यातून उठून आलेला हा फुगीर क्रमांक असतो. एकाच साच्यातून निघालेले ओतकाम पुढे वेगवेगळ्या मापांनी कातलेले असू शकते. म्हणून ओतीव क्रमांकाचा उपयोग ओळख पटवण्यापुरताच करावा. त्यावरून भाग मागवू नये.

तिसरा, भाग क्रमांक. सुट्या भागांच्या पुस्तकात छापलेला व वेष्टनावर असलेला हाच क्रमांक खरेदीसाठी उपयोगी पडतो. पुस्तकात त्याच्यापुढे पुष्कळदा “अमुक इंजिन क्रमांकापर्यंत” किंवा “अमुक क्रमांकापासून पुढे” अशी टीप असते. ती वाचल्याखेरीज क्रमांक उतरून घेऊ नये, कारण उत्पादन चालू असतानाच कारखाने भागांत सुधारणा करीत असतात. तसेच जुना भाग क्रमांक रद्द होऊन त्याऐवजी नवा क्रमांक दिला जातो. “हा क्रमांक आता येत नाही” असे विक्रेत्याने सांगितले तर भाग मिळत नाही असे लगेच समजू नये; त्या क्रमांकाऐवजी कोणता क्रमांक आला आहे, असे विचारावे. पुष्कळ वेळा या एका प्रश्नाने शोध संपतो.

मूळ माप आणि आजचे माप

क्रमांकावरून मिळते ते इंजिनाचे मूळ माप. परंतु जुने इंजिन पूर्वी एकदा तरी उघडलेले असते व त्याचे सिलिंडर किंवा क्रँकशाफ्ट कातलेले असू शकते. म्हणून क्रमांकानंतर माप घेणे अपरिहार्य आहे.

सिलिंडर झिजले म्हणजे ते बोअर करून किंचित मोठे करतात व त्यात मोठ्या मापाचे पिस्टन घालतात. इंची मापाच्या इंजिनांत ही वाढ सामान्यतः ०.०२०, ०.०३०, ०.०४० इंच अशा पायऱ्यांनी असते. कारागीर त्यांना वीस, तीस, चाळीस साइज म्हणतात. जुन्या पिस्टनच्या माथ्यावर हा आकडा बहुधा ठोकलेला असतो. काजळी हळुवार काढून तो वाचावा. मात्र एवढ्यावर विसंबून पुढील साइजचे पिस्टन घेऊन येणे बरोबर नाही. याचे कारण पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, एका इंजिनाच्या सिलिंडरचा मूळ व्यास ४.००० इंच आहे. सिलिंडरच्या तळाशी, जेथे रिंगा पोहोचत नाहीत तेथे, झीज जवळजवळ होत नाही. त्या ठिकाणी व्यास ४.०२० इंच भरला. यावरून इंजिन पूर्वी वीस साइजला बोअर केलेले आहे हे सिद्ध होते. वरच्या बाजूस, रिंगेचा फेरा जेथे संपतो त्या कडेच्या लगेच खाली, झीज सर्वाधिक असते. कारण तेथे उष्णता व दाब अधिक आणि तेल कमी पोहोचते. तेथे व्यास ४.०३२ इंच भरला. आता वीसच्या पुढचा साइज तीस, म्हणून ४.०३० इंचांचे पिस्टन आणले तर काय होईल? सिलिंडर त्याहून आधीच मोठे झालेले आहे; ते पिस्टन वाया जातील. या इंजिनास चाळीस साइज, म्हणजे ४.०४० इंच, हेच माप लागेल. दोन ठिकाणी घेतलेल्या मापाने एक संपूर्ण पिस्टन संच वाया जाण्याचे वाचले.

प्रत्येक सिलिंडरचे माप ट्रॅक्टरच्या लांबीच्या दिशेने व तिच्याशी काटकोनात असे दोन्ही दिशांनी घ्यावे, कारण सिलिंडर गोल न राहता लंबगोल झिजते. सर्व सिलिंडरांपैकी जे सर्वाधिक झिजले असेल त्यावरून सर्वांचा साइज ठरवावा.

काही इंजिनांत सिलिंडरमध्ये वेगळे लायनर असतात. लायनर बाहेरून पाण्याने वेढलेला असेल तर तो ओला, व ब्लॉकच्या भोकात घट्ट बसलेला असेल तर तो कोरडा लायनर होय. अशा इंजिनांत बहुधा लायनर व पिस्टन यांचा संच एकत्र बदलतात. लायनर घेताना आतील व्यासाबरोबर बाहेरील व्यास, एकूण लांबी आणि वरच्या कॉलरची जाडी ही मापेही जुळली पाहिजेत. कोरडा लायनर बसवल्यानंतर बोअर करावयाचा आहे की तो तयार मापाचा आहे, हेही विक्रेत्यास विचारून घ्यावे.

पिस्टनचा नुसता व्यास जुळणे पुरेसे नाही. जुना व नवा पिस्टन शेजारी ठेवून गजन पिनेचा व्यास, पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, रिंगांची संख्या व त्यांच्या खाचांची रुंदी आणि माथ्यावरील खळग्याचा आकार या गोष्टी ताडून पाहाव्यात. पिनेपासूनची उंची एक मिलिमीटरने जरी अधिक असली तरी पिस्टन हेडवर किंवा व्हॉल्व्हवर आदळण्याचा धोका असतो. ती कमी असल्यास हवा पुरेशी दाबली जात नाही व इंजिन सुरू होण्यास त्रास देते.

क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग

सिलिंडर कातल्यावर मोठे होते, तर क्रँकशाफ्टचे जर्नल ग्राइंड केल्यावर लहान होते. म्हणून त्यास लागणाऱ्या बेअरिंगास अंडरसाइज म्हणतात. या शब्दामुळे बेअरिंग पातळ असावे असा समज होतो. प्रत्यक्षात ते अधिक जाड असते, कारण लहान झालेल्या जर्नलाभोवतीची पोकळी त्यास भरून काढावयाची असते. हे माप बेअरिंगाच्या पाठीवर ठोकलेले असते. आकडा नसून स्टँडर्ड अशा अर्थाची अक्षरे असतील तर ते मूळ मापाचे समजावे.

समजा, जर्नलचे मूळ माप २.२५० इंच असून मायक्रोमीटरने घेतलेले सर्वांत लहान माप २.२३८ इंच भरले. दहा साइज म्हणजे २.२४० इंच, जर्नल त्याहून लहान झालेले आहे. म्हणून ते वीस साइजला, म्हणजे २.२३० इंचांपर्यंत ग्राइंड करावे लागेल. परंतु वीस साइजची बेअरिंगे बाजारात आहेत की नाहीत, याची खात्री झाल्याशिवाय क्रँक ग्राइंड करू नये. जुन्या इंजिनांच्या बाबतीत एखादा साइज मिळतो आणि दुसरा मिळत नाही, असे वारंवार घडते. कातलेला धातू पुन्हा भरून येत नाही. म्हणून भाग आधी हाती घ्यावा व मगच धातूस हत्यार लावावे. पिस्टन व सिलिंडर यांनाही हाच नियम लागू आहे. बोअर करणाऱ्या कारागिरास पिस्टन प्रत्यक्ष नेऊन द्यावेत, म्हणजे ते मोजून योग्य मोकळीक ठेवून तो बोअर करील.

मोजमापाची साधने प्रत्येक गावी नसतात. जेथे डिझेल मेकॅनिक किंवा ट्रॅक्टर मेकॅनिक हा व्यवसाय शिकवला जातो अशा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, अथवा चांगल्या मशीन शॉपमध्ये, मायक्रोमीटर व बोअर गेज असतात. पट्टीने किंवा सुताच्या अंदाजाने हे माप घेता येत नाही.

इंच आणि मिलिमीटर यांचा गोंधळ

इंग्लंड-अमेरिकेच्या परंपरेतील जुनी इंजिने इंचात व इतर बरीचशी इंजिने मिलिमीटरमध्ये आखलेली आहेत. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्यानुसार ०.०१० इंच म्हणजे ०.२५४, ०.०२० इंच म्हणजे ०.५०८, ०.०३० इंच म्हणजे ०.७६२ आणि ०.०४० इंच म्हणजे १.०१६ मिलिमीटर होतात. यामुळे इंची वीस साइजला मिलिमीटरच्या भाषेत पन्नास साइज म्हणतात. दुकानात नुसते “वीस” किंवा “पन्नास” म्हटल्यास घोटाळा होतो. म्हणून आकड्याबरोबर इंच की मिलिमीटर हे नेहमी लिहावे. मूळ व्यासही ढोबळ करून लिहू नये. ३ ३/८ इंच म्हणजे ८५.७२५ मिलिमीटर होतात. ते ८६ लिहिले की भाग चुकलाच म्हणून समजावे.

बोल्ट व नटांच्या आट्यांतही इंची व मिलिमीटर असे भेद आहेत. बोल्ट दोन-तीन आटे जाऊन घट्ट होत असेल तर तो पान्याने रेटू नये. आटे निराळे असल्याची ती खूण आहे.

गॅस्केट आणि नोझल

हेड गॅस्केट घेताना ते ब्लॉकवर ठेवून सर्व भोके जुळतात की नाही ते पाहावे. पाण्याची व तेलाची भोके उघडी राहिली पाहिजेत आणि सिलिंडरची कडा गॅस्केटच्या भोकाच्या आत यावी. गॅस्केटचे भोक लहान असून त्याची कड सिलिंडरमध्ये डोकावत असेल तर ती तापून जळते. बीडी–१४४ व बीडी–१५४ यांसारख्या एकाच घराण्यातील इंजिनांची गॅस्केटे एकमेकांस लावण्याचा मोह येथेच टाळावा. बोअर केलेल्या इंजिनात ही तपासणी अधिकच काळजीने करावी.

डिझेल नोझलच्या अंगावर त्याचा प्रकार व क्रमांक कोरलेला असतो. काही नोझलांच्या तोंडाशी एकच भोक असून त्यातून पिन डोकावते, तर काहींना अनेक बारीक भोके असतात. पहिला प्रकार बहुधा स्वतंत्र ज्वलनकक्ष असलेल्या इंजिनांत व दुसरा सरळ पिस्टनवर फवारा मारणाऱ्या इंजिनांत वापरतात. आटे जुळले तरी एकाच्या जागी दुसरा बसवू नये. धूर वाढतो, डिझेल अधिक लागते व पिस्टन जळू शकतो. बंगळूरच्या मोटार इंडस्ट्रीज कंपनीची, म्हणजे मायकोची, स्थापना १९५१ मध्ये झाली व २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड असे झाले. जुन्या नोझलावर मायको व नव्या वेष्टनावर बॉश असे नाव आढळल्यास बुचकळ्यात पडू नये; क्रमांक मात्र ताडून पाहावा.

ज्यांस ट्रॅक्टरचे नाव लागत नाही असे भाग

काही भागांची मापे जगभर ठरलेली असल्याने ते कोणत्याही चांगल्या कंपनीचे घेता येतात. बॉल बेअरिंग हा त्यांतील प्रमुख भाग. उदाहरणार्थ, ६२०५ या बेअरिंगाचा आतील व्यास २५, बाहेरील ५२ व रुंदी १५ मिलिमीटर असते. ६३०५ चा आतील व्यास २५ च असला तरी बाहेरील ६२ व रुंदी १७ मिलिमीटर असते. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून अधिक असतील तर त्यांस ५ ने गुणल्यावर आतील व्यास मिळतो. क्रमांकापुढील अक्षरे झाकण व मोकळीक दाखवतात. तीही उतरून घ्यावीत.

ऑइल सीलवर आतील व्यास, बाहेरील व्यास व रुंदी अशी तीन मापे क्रमाने छापलेली असतात. पट्ट्यावर ए किंवा बी असे अक्षर असल्यास ते त्याचा छेद दाखवते; ए ची वरची रुंदी सुमारे १३ व बी ची सुमारे १७ मिलिमीटर असते. पुढचा आकडा लांबीचा. असे भाग ट्रॅक्टरच्या दुकानात न मिळाल्यास बेअरिंगच्या दुकानात मिळतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

भाग मिळतच नसेल तर

सर्व प्रयत्न करूनही नवा भाग न मिळाल्यास पुढील क्रमाने विचार करावा. प्रथम, तोच भाग क्रमांक दुसऱ्या एखाद्या ट्रॅक्टरला, पंपाला किंवा जनित्राला लागतो काय, ते पुस्तकात पाहावे. एकच इंजिन अनेक यंत्रांवर बसवलेले असते. दुसरे, मोडीत निघालेल्या तशाच इंजिनाचा भाग मिळतो काय, ते पाहावे. हेड, ब्लॉक, क्रँकशाफ्ट हे भाग तडा व वाक तपासून वापरता येतात. परंतु गॅस्केट, रिंगा, बेअरिंगे व कनेक्टिंग रॉडचे बोल्ट जुने घेऊ नयेत. तिसरे, सिलिंडरला मोठे भोक पाडून लायनर बसवणे, नवे बुश कातून घेणे, अशी कामे चांगल्या मशीन शॉपमध्ये होऊ शकतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट साध्या लोखंडातून कातून घेऊ नये. तो विशेष पोलादाचा असतो व प्रत्येक फेऱ्यास त्यावर मोठा ताण येतो. साधा बोल्ट तुटला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो व जवळ उभ्या असलेल्या माणसासही इजा होऊ शकते.

इंजिन बंद करण्यापूर्वी

नव्या रिंगा पिस्टनवर चढवण्यापूर्वी एकेक रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतील फट फीलर गेजने मोजावी. पुस्तकातील माप उपलब्ध नसल्यास व्यासाच्या दर इंचामागे ०.००३ ते ०.००४ इंच, म्हणजे ४ इंच व्यासास ०.०१२ ते ०.०१६ इंच, हा सर्वसाधारण नियम समजावा. फट नसेल तर रिंग तापून तिची टोके एकमेकांस भिडतात, ती मोडते आणि सिलिंडरवर ओरखडे पडतात.

पिस्टनची उंची बरोबर आहे याची खात्री करण्यासाठी माथ्यावर शिशाच्या मऊ तारेचा तुकडा ठेवून हेड बसवावे, इंजिन हाताने सावकाश फिरवावे व दबलेल्या तारेची जाडी मोजून ती पुस्तकातील अंतराशी ताडून पाहावी. सर्व जोडणी झाल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. चार फेऱ्यांच्या इंजिनाचे एक चक्र क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होते. कोठेही अडकल्यासारखे वाटल्यास जोर न लावता कारण शोधावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गावातील ट्रॅक्टरांची एक लहानशी वही ठेवणे हे काम कोणाही कार्यकर्त्यास सहज करता येईल. तीत मालकाचे नाव, ट्रॅक्टरचा नमुना, चॅसिस व इंजिन क्रमांक, सिलिंडरांची संख्या, सध्याचा पिस्टन साइज, मेन व बिग एंड बेअरिंगांचे साइज, नोझल क्रमांक आणि दुरुस्तीची तारीख एवढ्या नोंदी असाव्यात. इंजिन उघडलेले असते त्या दिवशी ही माहिती विनासायास मिळते. ते बंद झाले की तीच मिळवण्यासाठी पुन्हा ते खोलावे लागते. म्हणून दुरुस्तीच्या वेळीच वही भरावी. गावात एकाच प्रकारचे दोन-तीन ट्रॅक्टर असतील तर मालकांनी मिळून भागांची मागणी केल्यास खर्च वाचतो व सुट्या भागांचे पुस्तकही एकच पुरते.

खरेदीच्या वेळी ही माहिती कागदावर लिहून न्यावी आणि जुना भागही बरोबर न्यावा. पक्क्या पावतीवर भाग क्रमांक व साइज लिहून घ्यावा, म्हणजे चुकीचा भाग परत करताना वाद होत नाही. भाग प्रत्यक्ष ताडून होईपर्यंत वेष्टन फेकू नये.

थोडक्यात सांगावयाचे तर इंजिनाचा क्रमांक वाचावा, आजचे माप घ्यावे, भाग क्रमांक निश्चित करावा, नवा भाग जुन्याशेजारी ठेवून ताडावा आणि भाग हाती आल्यावरच कातकाम करावे. हे काम पेरणीच्या तोंडावर न करता उन्हाळ्यात, ट्रॅक्टर रिकामा असताना हाती घ्यावे. म्हणजे भाग शोधण्यास सवड मिळते आणि वाफसा आल्यावर ट्रॅक्टर शेतात असतो.